पारदर्शक गोळी आणि कोरा कागद

माझा भाचा पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससीची तयारी करतो. परवा रात्री पावणेएकला त्याचा मेसेज आला : "मामा, लिमिटलेस बघितला. तसली गोळी खरंच असते का रे? आमच्या अभ्यासिकेतला एक जण म्हणतो, मिळते." खाली फोटो. राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक, साय धरलेला अर्धा कप चहा आणि कपाला टेकवून ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट. दहातल्या तीन गोळ्या फोडलेल्या. फोटो मोठा करून नाव वाचलं. औषध खरं होतं.

चित्रपट तसा जुना, २०११ चा. पण कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर तो पुन्हा पुन्हा उगवतो आणि प्रत्येक वेळी हाच प्रश्न मागे ठेवून जातो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भाडं थकलेला लेखक

न्यूयॉर्कमध्ये एडी मोरा नावाचा लेखक आहे. प्रकाशकाशी करार झालाय, पण पुस्तकाचा एक शब्दही लिहून झालेला नाही. केस विस्कटलेले, खोलीत पसारा, घरभाडं थकलेलं. मैत्रीण कंटाळून सोडून जाते. अशात रस्त्यात जुना मेहुणा भेटतो, म्हणजे घटस्फोटित बायकोचा भाऊ. त्याच्याकडे काचेसारखी आरपार दिसणारी एक गोळी असते, एनझेडटी-४८. आपण मेंदूचा फक्त वीस टक्के भाग वापरतो, ही गोळी सगळा मेंदू उघडून देते, असं तो सांगतो.

एडी गोळी घेतो आणि जिन्यातच घरमालकाची बायको भाड्यासाठी त्याला फैलावर घेते. इथे दिग्दर्शक नील बर्गर यांनी एक मस्त गोष्ट केली आहे. तोवर करडंनिळं, मळकट दिसणारं चित्र एकदम सोनेरी होतं. एडीला तिच्या पिशवीतून डोकावणारं कायद्याचं पुस्तक दिसतं, कधीकाळी ओझरतं वाचलेलं सगळं आठवतं आणि शिव्या घालणाऱ्या त्या बाईला तो कॉलेजचा निबंध लिहायला मदत करतो. मग वर जाऊन घर आवरतो आणि लिहायला बसतो. लिहिणाऱ्या कुणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल. लेख द्यायचा असला की आपल्यालाही कपाट आवरायची हुक्की येते. फरक इतकाच की एडी त्यानंतर खरंच लिहितो.

पुढे गोळ्यांचा साठाच हाती लागल्यावर तो चार दिवसांत पुस्तक संपवतो, शेअर बाजारात शिरतो, रॉबर्ट डी नीरोने रंगवलेल्या बड्या उद्योगपतीच्या पंक्तीला जाऊन बसतो. मग गुंड, खून, मध्येच तासन् तास काय केलं ते न आठवणं, थरारपटाचा सगळा मालमसाला. मला खटकलं ते वेगळंच. ज्या पुस्तकापायी हा माणूस रसातळाला गेला होता, ते पडद्यावर चुटकीसरशी लिहून होतं आणि त्यात आहे काय, हे चित्रपट जवळजवळ सांगतच नाही. हा मुद्दा मनात ठेवा, शेवटी लागेल.

वीस टक्के मेंदूची अफवा

मेहुण्याने वीस टक्के सांगितले, आपल्याकडे व्याख्यानांतून दहा टक्के सांगतात. दोन्ही चूक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स म्हणत असत की माणूस आपल्या क्षमतेचा थोडाच भाग वापरतो. हे झालं उपदेशाचं वाक्य, मोजमाप नव्हे. पुढे १९३६ साली डेल कार्नेगी यांच्या गाजलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याला 'दहा टक्के' असा आकडा चिकटला, आणि आकडा चिकटला की अफवेला पाय फुटतात.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो. घरातला एक माणूस पाचव्या हिश्शाचं रेशन संपवतोय आणि दिवसाचे बहुतेक तास नुसता लोळतोय, असं कुठलं घर पिढ्यान् पिढ्या चालू देईल? उत्क्रांतीनेही चालू दिलं नसतं. शिवाय पक्षाघाताचा पेशंट ज्याने घरात पाहिलाय त्याला विचारा. एवढ्याशा जागेचा रक्तपुरवठा तुटतो आणि माणसाची वाचा जाते. ऐंशी टक्के मेंदू रिकामा पडून असता तर असल्या इजेने काहीच बिघडलं नसतं.

आपण सगळा मेंदू वापरतो, फक्त एकाच वेळी सगळा नाही. स्वारगेटच्या चौकात एका वेळी एकच बाजू सुटते, म्हणून आपण चौक वीस टक्केच वापरतो असं कुणी म्हणत नाही. सगळेच सिग्नल एकदम हिरवे केले तर वाहतूक पाचपट होणार नाही, गाड्या एकमेकींवर चढतील. मेंदूच्या पेशींचे मोठे समूह ताळतंत्र सोडून एकदम पेटले की जे होतं त्याला फेफरं म्हणतात. तेव्हा 'सगळा मेंदू एकदम उघडणारी' गोळी बनलीच, तर ती घेणाऱ्याला लेखनिकाची नाही, डॉक्टरची गरज पडेल.

मोरीतला बोळा

आता भाच्याच्या फोटोतल्या पाकिटाकडे येऊ. 'स्मार्ट ड्रग' म्हणून जगभर ज्यांचा बोलबाला आहे, त्यांतली नावं मुख्यतः तीन : मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट आणि अँफेटामाइनच्या गटातली औषधं. पाकीट मोडाफिनिलचं होतं.

यातलं एकही औषध हुशारीसाठी बनलेलं नाही. मोडाफिनिल फ्रान्समध्ये तयार झालं आणि अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला परवानगी मिळाली ती नार्कोलेप्सीसाठी. नार्कोलेप्सी म्हणजे दिवसाढवळ्या, बोलता बोलता अनावर झोप येण्याचा आजार. मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका कंपनीत बनलं. आज ते प्रामुख्याने एडीएचडीसाठी देतात, म्हणजे लक्ष टिकत नाही, अंगात सतत चुळबुळ असते त्या अवस्थेसाठी.

ही औषधं करतात काय? मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन आहे. 'हे काम कर, यात काहीतरी आहे' अशी ओढ लावण्यात त्याचा मोठा हात असतो. पेशी ते सोडतात आणि काम झालं की परत आत ओढून घेतात. मोरीत पाणी पडावं आणि भोकातून वाहून जावं, तसं. मिथाइलफेनिडेट त्या भोकात बोळा घालतं, मोडाफिनिलही साधारण तेच करतं पण जरा सैल हाताने. अँफेटामाइन बोळा तर घालतंच, वर नळही मोठा सोडतं. मोरीत पाणी साचतं. माणूस जागा राहतो, खुर्चीला चिकटतो, कंटाळवाणं कामही गोड वाटू लागतं.

पण नळाला पाणी आलं म्हणून स्वयंपाक येत नाही. तो आधी येत असावा लागतो.

सॅक भरण्याचा प्रयोग

२०२३ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या शोधपत्रिकेत एक अभ्यास आला. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी तो केला होता. चाळीस निरोगी माणसांना वेगवेगळ्या वेळी मिथाइलफेनिडेट, डेक्सअँफेटामाइन (हे अँफेटामाइनच्याच गटातलं), मोडाफिनिल आणि औषध नसलेली खोटी गोळी दिली. कोणती कधी, हे घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. मग त्यांना कोडी घातली. त्यातलं एक कोडं आपल्या अगदी ओळखीचं आहे.

मे महिन्यात गावाहून परत निघताना आईने पडवीत सामान मांडून ठेवलेलं असतं. आंब्याची पेटी, कोकमाची बाटली, फणसाची साटं, कुळथाचं पीठ, शेजारच्या काकूंनी कुणासाठी तरी दिलेला डबा. सॅक एकच आणि खांद्याला पेलेल एवढंच वजन. काय घ्यायचं, काय ठेवायचं, म्हणजे जास्तीत जास्त किमतीचा माल जाईल? वाटतं सोपं. पण आंबे घेतले की पीठ बसत नाही, पीठ काढलं की साटं आणि बाटली दोन्ही बसतात आणि थोडी जागा उरते. वस्तू वाढल्या की गणितज्ञांनाही घाम फुटतो. अशा कोड्याला नुसता जोर पुरत नाही. थांबून बघावं लागतं.

औषध घेतलेल्यांनी कोड्यावर जास्त वेळ घालवला. वस्तू आत-बाहेर करण्याच्या खेपाही वाढल्या. मेहनत वाढली, यात शंका नाही. पण अचूक उत्तर सापडण्याचं प्रमाण काही वाढलं नाही, आणि भरलेल्या सॅकची सरासरी किंमत उलट घसरली. हालचाली जास्त झाल्या पण त्या आंधळ्या झाल्या : भसकन काढ, भसकन कोंब. आणखी गंमत म्हणजे खोट्या गोळीवर जे सरासरीपेक्षा चांगले होते, त्यांतले बरेच औषधावर सरासरीच्या खाली घसरले. म्हणजे ज्यांना मुळात जमत होतं त्यांचंच बिघडलं.

एका अभ्यासाने निकाल लागत नाही, हे मान्य. २०१५ मध्ये मोडाफिनिलवरच्या चोवीस अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता. त्यात लांबलचक, गुंतागुंतीच्या चाचण्यांत लक्ष आणि नियोजन थोडं सुधारलेलं दिसलं. ते झाकून ठेवायचं कारण नाही. पण सर्जनशीलतेच्या बाबतीत ठोस फायदा त्यातही दिसला नाही. एडी मोराचा गाडा अडला होता तो नेमका तिथेच.

"पण घेणारे तर सांगतात, फरक पडतो!"

सांगतात, आणि खोटं बोलत नसतात. त्यांना तसंच वाटतं. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ४६ निरोगी लोकांना अँफेटामाइनची मिश्र गोळी देऊन तऱ्हेतऱ्हेच्या चाचण्या घेतल्या. खोट्या गोळीच्या तुलनेत गुणांत फारसा फरक नव्हता. पण 'आज आपलं कसं झालं?' असं विचारल्यावर, औषध घेतलेलं असताना लोक जास्त खुशीत होते. आज डोकं जोरात चाललं म्हणाले.

डोपामाइनचं कामच ते. केलेल्या कामावर ते सोनेरी प्रकाश टाकतं. चित्रपटात पडदा सोनेरी होतो ना, तेवढं मात्र शास्त्राला धरून आहे. रात्री दोनला लिहिलेली कविता आपल्याला अजरामर वाटते, सकाळी वाचली की ती आपणच फाडतो. गोळीने हा सकाळचा वाचकच काही तास गायब होतो. लेखकाचं यात किती नुकसान आहे, हे कुठल्याही संपादकाला विचारा.

"मग चहा-कॉफीचं काय?"

हा आक्षेप रास्त आहे, कारण चहाही मेंदूत लुडबुड करतोच. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन हळूहळू साठत जातं आणि आपापल्या जागांवर बसून पेशींना सांगतं, आता पुरे, झोपा. कॅफीन काय करतं? एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवावी, तसं त्या जागा अडवतं. अ‍ॅडेनोसिन गाडीत आहेच, फक्त उभं आहे. काही तासांनी रुमाल उचलले गेले की सगळी गर्दी एकदम बसते, आणि चारचा चहा चुकलेला माणूस साडेचारला टेबलावर डोकं ठेवतो.

चहाने हुशारी वाढत नाही, झोप पुढे ढकलली जाते. गोळ्याही मुख्यतः हेच करतात, फक्त जास्त ताकदीने आणि जास्त किंमत घेऊन. मोडाफिनिलने डोकेदुखी, बेचैनी, झोप उडणं हे नेहमीचं. क्वचित अंगावर जिवावर बेतणारं पुरळ उठू शकतं. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ते कमी करतं, ही गोष्ट अभ्यासिकेतला 'जाणकार' मुलींना सांगत नाही. अँफेटामाइनचं व्यसन लागतं, हृदयावर ताण येतो. मिथाइलफेनिडेट आणि अँफेटामाइन ही दोन्ही आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहेत, आणि मोडाफिनिलही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही.

"लहान मुलांना डॉक्टरच देतात की!"

देतात, आणि ज्यांना एडीएचडी आहे त्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो. यात विरोधाभास नाही. तंबोरा लावताना बघितलंय कधी? तार सैल असेल तर नुसती फडफड. खुंटी पिळत गेलं की एका जागी ती बोलू लागते. तिथून आणखी पिळली की सूर चढतो, कर्कश होतो आणि शेवटी तार तुटते. मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं डोपामाइनशी असंच नातं आहे. कमीही नको, जास्तही नको. ज्याची तार सैल आहे त्याला औषध सुरावर आणतं. ज्याची मुळात सुरात आहे, त्याची पुढे चढते. ज्यांना ही औषधं डॉक्टरांनी दिली आहेत त्यांनी हा लेख वाचून ती बंद करू नयेत, हे मुद्दाम सांगतो. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून आपल्याला घेरी येते, म्हणून ज्याचा चष्मा आहे त्याने तो काढायचा नसतो.

"मोठमोठी माणसं घेत होती"

इथे पॉल एर्देश यांचं नाव हमखास निघतं. हे हंगेरियन गणितज्ञ, नावावर सुमारे दीड हजार शोधनिबंध, सगळा संसार एका सुटकेसमध्ये. १९७१ मध्ये आई गेल्यावर ते अँफेटामाइन घेऊ लागले. १९७९ मध्ये मित्र रोनाल्ड ग्रॅहम यांनी पाचशे डॉलरची पैज लावली, महिनाभर सोडून दाखव. एर्देश यांनी सोडून दाखवलं, पैज जिंकली आणि वर तक्रार केली : एरवी कोरा कागद पाहिला की कल्पना सुचायच्या, या महिन्यात नुसता कोरा कागदच दिसत होता, तुझ्यामुळे गणित महिनाभर मागे पडलं. आणि पुन्हा गोळ्या सुरू केल्या.

गोळीचे चाहते हा किस्सा जिंकल्याच्या थाटात सांगतात. मला तो उलटा दिसतो. एर्देश यांचा जन्म १९१३ चा. ज्या कामांनी त्यांचं नाव झालं त्यातली कितीतरी कामं, मूळ संख्यांवरची १९४९ मधली प्रसिद्ध सिद्धता धरून, गोळ्यांच्या आधीची आहेत. तेव्हाही कागद कोराच असायचा आणि कल्पना सुचायच्या. मग १९७९ मध्ये का सुचल्या नाहीत? रोज बाहेरून डोपामाइन वाढवत राहिलं की मेंदू आपली यंत्रणा आवरती घेतो. औषध थांबलं की काही काळ सगळं बेचव लागतं. त्या महिन्यात एर्देश यांना जे दिसलं तो गोळीशिवायचा मेंदू नव्हता, गोळी सुटलेला मेंदू होता.

सगळं आठवणारा माणूस

एडीला एकदा पाहिलेलं सगळं आठवतं, आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना नेमका त्याचाच हेवा वाटतो. असा माणूस खरोखर होऊन गेला. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी सोलोमन शेरेशेव्स्की नावाच्या पत्रकाराचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्याला शब्दांच्या, आकड्यांच्या लांबच लांब याद्या कितीतरी वर्षांनीही जशाच्या तशा म्हणून दाखवता येत. पण साधी गोष्ट वाचताना तो अडखळायचा. प्रत्येक शब्दाचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहायचं, एक चित्र दुसऱ्याला धक्का द्यायचं आणि वाक्याचा अर्थ गर्दीत हरवायचा. माणसांचे चेहरेही त्याला लक्षात ठेवायला अवघड जात, कारण चेहरा दर क्षणाला बदलतो. विसरायचं कसं, यासाठी त्याला खटपट करावी लागे.

विसरणं हा मेंदूचा दोष नाही, ती झाडलोट आहे. ती बरीचशी झोपेत होते. दिवसभराच्या रोजकीर्दीतल्या नोंदी रात्री खतावणीत चढतात. काही पक्क्या होतात, काही गळतात. गोळी घेऊन चार रात्री जागलेला माणूस रोजकीर्द भराभर लिहितो आणि खतावणी मांडणाऱ्या मुनिमाला घरी पाठवतो.

मग लेखकाचं काय?

एडीची अडचण पेंगण्याची नव्हती. काय लिहायचं आणि लिहिलेलं बरं आहे की वाईट, हे ठरवण्याची होती. हात चालणं आणि लिहिणं या वेगळ्या गोष्टी आहेत, याचा पुरावा आजारातही सापडतो. १९७४ मध्ये वॅक्समन आणि गेशविंड या अमेरिकन डॉक्टरांनी कानशिलामागच्या भागातून फेफरं येणाऱ्या काही पेशंटांबद्दल लिहिलं : ते अनावरपणे लिहीत राहतात, वह्याच्या वह्या, याद्या, रोजनिशी, तेच तेच. याला हायपरग्राफिया म्हणतात. लेखन अडण्याच्या बरोबर उलटी अवस्था. मजकूर भरपूर, पण त्यातला वाचावासा वाटेल असा किती, हा प्रश्न उरतोच. चित्रपटाने एडीचं पुस्तक आपल्याला वाचून दाखवलं नाही, हे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच झालं. दाखवायचं तर कुणाला तरी ते खरंच लिहावं लागलं असतं.

सकाळी भाच्याला फोन केला. सगळं ऐकवलं नाही, सॅकचा प्रयोग तेवढा सांगितला. थोडा वेळ गप्प राहिला.

"म्हणजे मामा, गोळी घेऊन मी पेपर जोरात सोडवीन, पण चुकीचा?"

"तशी शक्यता बरीच. वर 'मस्त गेला' म्हणून घरी येशील."

"आमच्या पूर्वपरीक्षेला निगेटिव्ह मार्किंग असतं," तो म्हणाला. मग विचारलं, "त्या पाकिटातल्या तीन गोळ्या मी नाही घेतल्या, त्या पोरानेच घेतल्या. दोन रात्री झोपला नाहीये, छातीत धडधडतंय म्हणतो. त्याला काय सांगू?"

त्याला घेऊन आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा म्हटलं, आणि जाताना पाकीट बरोबर ठेव.